नागपूरच्या हवेत रेडिओ-नियंत्रित विमानासाठी इंजिनाचा आकार कसा ठरवावा

रेडिओ-नियंत्रित विमानाचा संच घरी आणला की खोक्यावर एक ओळ हमखास आढळते: टू-स्ट्रोक .४० ते .४६, फोर-स्ट्रोक .५२ ते .७०. ही ओळ वाचून माणसे दोन तऱ्हांनी चुकतात. काहीजण पैसे वाचवण्यासाठी खालच्या टोकाचे, तेही कोणाकडून तरी वापरून झालेले इंजिन घेतात, तर काहीजण ताकद थोडी जास्त असलेली बरी, अशा समजुतीने त्या आकड्यांच्याही पुढे जातात. मी स्वतः दुसऱ्या गटातला होतो आणि त्याची किंमत मोजून बसलो आहे. ती हकीकत पुढे येईलच. खोक्यावरची ओळ चुकीची नसते, परंतु ती लिहिणाऱ्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसतो, आपल्या विमानाचे प्रत्यक्ष वजन त्याला ठाऊक नसते आणि आपण कोणते इंधन भरणार आहोत, याचाही त्याला पत्ता नसतो. म्हणून ती ओळ सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावी आणि निर्णय आपल्या हिशोबाने करावा.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉलवर चालणारे आणि तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगने पेट घेणारे लहान इंजिन. त्याच्यावरचा आकडा म्हणजे सिलिंडरची क्षमता घनइंचांत. एका घनइंचात सुमारे १६.४ सीसी होतात, म्हणून .२५ चे इंजिन ४.१ सीसीचे, .४० चे साधारण ६.५ सीसीचे, .४६ चे ७.५ सीसीचे आणि .६१ चे १० सीसीचे भरते. बोलताना आपण दशांशचिन्ह गिळून "चाळीसचे", "शेहेचाळीसचे", "एकसष्टचे" असेच म्हणतो. पेट्रोल इंजिने मात्र थेट सीसीत सांगितली जातात, त्यामुळे दोन्हींची तुलना करताना गोंधळ होतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेल्यांच्या मनात २.५ सीसीचे छोटे इंजिन पक्के बसलेले असते आणि त्यांना चाळीसचे इंजिन उगाचच राक्षसी वाटते. ते तसे नाही. रेडिओ, सर्व्हो (सुकाणूचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी आणि चाके घेऊन उडणाऱ्या विमानाला ते जेमतेम मध्यम आकाराचे आहे.

वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ

इंजिनाची निवड इंजिनापासून सुरू करू नये, काट्यापासून करावी. विमान पूर्ण तयार असेल तर टाकी भरून, बॅटरी बसवून, पंखांचे रबर बँड आवळून ते जवळच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावे. दुकानदार हसतो, पण वजन करून देतो. विमान अजून बांधायचे असेल तर संचावर दिलेल्या वजनात किमान दहा टक्के वाढ धरावी, कारण आपला पहिलावहिला इपॉक्सीचा हात नेहमीच सढळ असतो आणि शेपटीकडे लावलेला प्रत्येक जादा ग्रॅम नाकाकडे शिशाच्या रूपाने परत मागितला जातो.

त्यानंतर पंखांचे क्षेत्रफळ काढावे. सरळ आयताकृती पंख असलेल्या ट्रेनरमध्ये, म्हणजे शिकण्यासाठीच्या विमानात, हे काम फुटपट्टीचे आहे: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी गुणिले पंखाची रुंदी. समजा लांबी १६० सेंटिमीटर आणि रुंदी २९ सेंटिमीटर आहे, तर क्षेत्रफळ ४,६४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४६.४ चौरस डेसिमीटर झाले. भरलेल्या टाकीसह वजन २,६५० ग्रॅम असेल, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ५७ ग्रॅमचा भार पडतो. शिकणाऱ्यासाठी हा भार ठीक आहे. तो ७० च्या पुढे गेला तर विमान उतरताना वेगात येते, आणि मग इंजिन कितीही नेमके निवडले तरी धावपट्टी अपुरी पडते. भार जास्त निघाला तर आधी विमान हलके करण्याचा विचार करावा; जड विमानाला मोठे इंजिन लावणे म्हणजे ते आणखी जड करणे होय.

वर घेतलेले विमान हे अगदी नमुनेदार "चाळीसच्या आकाराचे" ट्रेनर आहे, आणि पुढचा सगळा हिशोब मी त्याच्यावरच करणार आहे. त्याहून लहान, सव्वा मीटरच्या आसपास पंख आणि दीड किलोपर्यंत वजन असलेल्या विमानाला .२५ चे इंजिन पुरते. पावणेदोन मीटरच्या पुढे पंख आणि सव्वातीन ते साडेतीन किलो वजन असेल तर .६० किंवा .६१ योग्य ठरते.

हवेचा हिशोब

आपल्याकडे मोकळे मैदान शोधणाऱ्याला बहुधा शेतातच जावे लागते, आणि वावरे मोकळी होतात ती गहू-हरभरा निघाल्यावर, म्हणजे मार्चनंतर. नेमक्या त्याच काळात आपली हवा वर्षातली सर्वांत विरळ असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. ही उंची स्वतःहून फारशी त्रासदायक नाही, परंतु तिच्यावर मे महिन्याचे ४५ अंश तापमान चढले की हवेची घनता प्रतिघनमीटर सुमारे १.०६ किलोग्रॅमपर्यंत उतरते. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी तीच घनता १.२० च्या आसपास असते. इंजिनविषयक पुस्तकी आकडे ज्या प्रमाण हवेवर आधारलेले असतात, तिची घनता १.२२५ आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी सिलिंडरमध्ये जाणारी हवा प्रमाणापेक्षा तेरा टक्क्यांच्या आसपास कमी असते आणि ताकदही जवळपास तेवढीच घटते. शेहेचाळीसचे इंजिन दुपारी चाळीसच्या इंजिनासारखे वागते, असे म्हटले तरी फार चुकणार नाही.

विरळ हवेचा दुसरा परिणाम पंखांवर होतो. आपले २,६५० ग्रॅमचे विमान जानेवारीच्या सकाळी ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पडू लागते, म्हणजे स्टॉल होते. मेच्या दुपारी हाच वेग ३४ वर जातो. दोन किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु ताकद कमी झालेली आणि गरज वाढलेली, असे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी घडते, म्हणून जानेवारीत रुबाबात उठणारे विमान मे महिन्यात धावपट्टीच्या शेवटच्या टोकाशी येऊनही जमीन सोडायला तयार होत नाही.

याचा निवडीवर होणारा परिणाम साधा आहे. संचावर जी मर्यादा दिलेली असेल, तिच्या वरच्या टोकाचे इंजिन घ्यावे आणि तिथेच थांबावे. .४० ते .४६ लिहिले असेल तर .४६ घ्यावे, .६१ घेऊ नये. आजकाल .४० आणि .४६ ची इंजिने बहुतेक कंपन्या एकाच आकाराच्या सांगाड्यात बनवतात. वजनातला फरक नगण्य आणि बसवण्याची भोकेही बहुधा तीच असतात, त्यामुळे ही एक पायरी जवळजवळ फुकट मिळते. पुढची पायरी मात्र फुकट नसते.

ती मी चढलो होतो. माझ्या दुसऱ्या विमानाला, जे अगदी वर वर्णन केल्यासारखेच चाळीसचे ट्रेनर होते, मी हौसेने एकसष्टचे इंजिन बसवले. नाक जड झाले, ते तोलण्यासाठी शेपटीत शिसे भरले आणि एकूण वजन जवळपास अर्ध्या किलोने वाढले. विमान वर जाताना बाणासारखे गेले, यात शंका नाही. उतरताना मात्र ते थांबायलाच तयार नव्हते, कारण मोठ्या इंजिनाचा आयडल, म्हणजे सर्वांत मंद चाल, जरा जरी वर राहिला तरी मोठा प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, विमानाला ओढतच राहतो. ते शेताच्या धुऱ्यावर आदळले, फायरवॉल, म्हणजे इंजिन जिच्यावर बसते ती नाकातली पाटी, इंजिनासकट बाहेर आली आणि पंखाचे दोन तुकडे झाले. फायरवॉलची प्लायवूड आणि तिचे जोड ज्या धक्क्यासाठी व थरथरीसाठी आखलेले असतात, त्याच्या दीडपट भार त्यांच्यावर टाकल्यावर दुसरे काही अपेक्षित नव्हते.

प्रॉप हाच खरा गिअर

इंजिनाचा आकार ठरला म्हणजे निवड संपली, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि म्हणूनच अनेक चांगली इंजिने विनाकारण बदनाम होतात. इंजिन फक्त दांडा फिरवते. त्या फिरण्याचे ओढीत रूपांतर करण्याचे काम प्रॉपचे आहे. प्रॉपवर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. ११×६ याचा अर्थ अकरा इंच व्यास आणि एका फेऱ्यात, हवा घसरली नाही असे धरल्यास, सहा इंच पुढे सरकणारा प्रॉप. व्यास ओढ देतो, पिच वेग देते. स्कूटरच्या पहिल्या आणि चौथ्या गिअरमध्ये जो फरक असतो तोच येथे आहे.

पिचवरून कमाल वेगाचा अंदाज बांधता येतो आणि हा हिशोब प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावा. दर मिनिटाचे फेरे गुणिले पिच, त्याला ०.०२५४ ने गुणून मीटर काढावेत आणि साठने गुणून, हजाराने भागून ताशी किलोमीटर काढावेत. ११×६ चा प्रॉप ११,००० फेऱ्यांवर फिरत असेल तर उत्तर सुमारे १०० येते. हा वेग विमानाच्या स्टॉलच्या वेगाच्या अडीच ते तीन पट असावा, असा माझा अनुभवाने पक्का झालेला ठोकताळा आहे. आपल्या विमानाचा मे महिन्यातील स्टॉल ३४ आहे. त्याची अडीचपट ८५ आणि तिप्पट १०२. म्हणजे ११×६ वरच्या टोकाला बसतो. ११×५ घेतला आणि पिच कमी झाल्यामुळे इंजिन ११,५०० फेऱ्यांपर्यंत गेले, तर वेग ८८ च्या आसपास येतो आणि जमिनीवरून उठण्याची ओढ सुधारते. आखूड, गवताळ किंवा ढेकळांच्या पट्टीवर मी नेहमी ११×५ लावतो. हिवाळ्यात वारा असेल तर ११×६.

इतर आकारांसाठी सुरुवात कोठून करावी, एवढेच सांगतो: .२५ ला ९×५ किंवा ९×६, .४० ला १०×६, .६१ ला ११×७ किंवा १२×६. इंजिन नवे असेल तर पहिल्या काही टाक्या ते जरा रिच, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, ठेवून, थांबत थांबत चालवावे. पूर्ण मोकळे न झालेले इंजिन पाहून आकार चुकला असा निष्कर्ष काढू नये.

इंधनामुळे बदलणारा आकडा

ग्लो इंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि ऐपतीप्रमाणे नायट्रोमिथेन. परदेशी माहितीपत्रकांतील ताकदीचे आकडे बहुधा दहा-पंधरा टक्के नायट्रो गृहीत धरून दिलेले असतात. आपल्याकडे नायट्रो महाग आणि मिळणे बेभरवशाचे, त्यामुळे बहुतेकजण ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल असे साधे मिश्रण वापरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील प्रमाण इंधनही हेच आहे. या मिश्रणावर इंजिन उत्तम चालते, एरंडेलामुळे तापल्यावरही टिकते, परंतु नायट्रो आपल्यासोबत जो प्राणवायू घेऊन येते तो येथे नसतो, त्यामुळे ताकद थोडी कमी आणि आयडल जरा अस्थिर राहतो. विरळ हवा आणि नायट्रोविना इंधन, या दोन्ही उणिवा एकत्र धरल्या म्हणजे मर्यादेच्या खालच्या टोकाचे इंजिन नागपुरात का अपुरे पडते, हे लक्षात येईल. मिथेनॉल हे विष आहे, ते कातडीतूनही अंगात जाते आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईबद्दल एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे आकाराचा दोष आहे असा भास होतो. मे महिन्यात हवा विरळ असल्याने सकाळी बसवलेले मिश्रण दुपारपर्यंत रिच होते, इंजिन मंदावते आणि उडवणारा सुई आवळतो. ही आवळलेली सुई तशीच राहून विमान डिसेंबरात बाहेर काढले, तर दाट हवेत तेच मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि इंजिन तापून पिस्टन धरतो. ऋतू बदलला की सुई नव्याने बसवावी आणि कमाल फेऱ्यांपेक्षा दोनतीनशे फेरे कमी येतील इतकी ती रिच ठेवावी.

फोर-स्ट्रोक, पेट्रोल आणि वीज

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटते, म्हणून टू-स्ट्रोकच्या दीडपट क्षमता धरावी: .४६ ऐवजी .७०. ते मोठा प्रॉप हळू फिरवते, आवाज कमी करते आणि वस्तीजवळच्या मैदानावर शेजाऱ्यांशी संबंध टिकवून ठेवते. किंमत आणि व्हॉल्व्हची देखभाल मात्र वाढते. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

पेट्रोल इंजिनाचे आकर्षण उघड आहे, कारण इंधन कोणत्याही पंपावर मिळते आणि त्यात तेल घातले की काम होते. परंतु २० सीसीचे पेट्रोल इंजिन इग्निशन आणि त्याच्या बॅटरीसह इतके वजनदार होते की साडेचार किलोच्या आतल्या विमानाला ते शोभत नाही. त्याचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या विमानासाठी ठेवावा.

विजेच्या मोटरीत घनइंच नसतात, वॅट असतात, आणि हिशोब उलट सोपा आहे. ट्रेनरला प्रत्येक किलो वजनामागे १५० ते १८० वॅट, साध्या कसरतींसाठी २२० ते २६०, आणि प्रॉपवर लटकून उडणाऱ्या विमानाला ३३० च्या पुढे. आपल्या २,६५० ग्रॅमच्या विमानाला १८० ने ४७७ वॅट येतात. मोटर सिलिंडरसारखी हवा ओढत नसल्याने तिची ताकद विरळ हवेत घटत नाही, पण प्रॉपला चावायला मिळणारी हवा मात्र कमीच असते, शिवाय बॅटरी आणि मोटर तापतात. म्हणून ६०० वॅट धरून चालावे. चार सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र दाब १४.८ व्होल्ट, म्हणजे प्रवाह ४० अँपिअरच्या थोडा वर. स्पीड कंट्रोलर ६० अँपिअरचा घ्यावा, ४० चा घेऊन रडू नये. १२×६ चा प्रॉप आणि ८०० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आसपासची मोटर या वजनाला जुळते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लायपो ठेवणे, हे नागपुरात तरी निषिद्ध मानावे.

जमीन आणि उंची

काळ्या कापसाच्या जमिनीवर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चाकांना चिखल चिकटून विमानाचे वजन वाढते. येथे इंजिन वाढवण्यापेक्षा चाके मोठी करणे स्वस्त पडते. दोन इंचांच्या चाकांऐवजी पावणेतीन इंचांची लावली की निम्मे गाऱ्हाणे संपते.

उंचीचा प्रश्न कायद्याचा आहे. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे नागपूरचा मोठा भाग त्याच्या बारा किलोमीटरच्या आत येतो. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारे, क्षेत्र २०० फुटांपर्यंतच आहे आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपले मैदान कोणत्या रंगात येते, ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहून घ्यावे. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. एकसष्टचे इंजिन लावलेले विमान एका मोकळ्या लूपमध्ये एवढी उंची सहज खाते, आणि ताशी ९० किलोमीटरने जाणारे विमान दोनशे मीटरचे मैदान आठ सेकंदांत ओलांडते. लहान मैदान आणि कमी छत असेल, तर .२५ चे हलके विमान किंवा विजेचे ट्रेनर ही तडजोड नसून शहाणी निवड आहे.

विकत घेतल्यानंतरची परीक्षा

इंजिन बसवल्यावर, पहिल्या उड्डाणाआधी, निवड बरोबर झाली की नाही हे जमिनीवरच कळते. दहा किलोचा स्प्रिंगचा लटकता काटा खुंटीला अडकवावा, त्याला विमानाची शेपटी मजबूत दोरीने बांधावी, मागे उभे राहून पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि काटा वाचावा. प्रॉपच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. पाहायला आलेली मुले तर मुळीच नाहीत. ट्रेनरला स्वतःच्या वजनाच्या निम्मी ओढ किमान हवी, पाऊण असेल तर उत्तम. आपल्या विमानाला याचा अर्थ १,३०० ते २,००० ग्रॅम. शेहेचाळीसचे इंजिन ११×६ वर याहून जास्त देते, म्हणून ते अर्ध्या थ्रॉटलवर आरामात उडते.

ही परीक्षा सकाळी सहाला करून समाधान मानू नये. आपण एरवी ज्या वेळी मैदानावर असतो, त्यातल्या सर्वांत उष्ण वेळी ती करावी. तेव्हाही काटा निम्म्याच्या वर राहिला तर तेच इंजिन, तोच प्रॉप कायम ठेवावा. निम्म्याच्या खाली उतरला तर आधी पिच एका इंचाने कमी करावी, मग सुई आणि ग्लो प्लग तपासावा, मग मफलरमध्ये काजळी साचली आहे का ते पाहावे. आणि एवढे करूनही काटा हलला नाही, तरच दुकानात जाऊन पुढच्या आकाराची किंमत विचारावी.